होमबिल्ट विमानाचं शेपूट बदलायचंय? आधी कागद, मग ड्रिल

मागच्या महिन्यात आमच्या विमानाच्या लॉगबुकात टेस्ट फ्लाइंग संपल्याची नोंद केली आणि खाली सही केली. तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात होतं, कारण सुरुवातीला मी जेव्हा माहिती शोधत होते तेव्हा रिव्हेट कसा मारायचा हे सांगणारे ढिगाने सापडले, पण पहिला कागद कुठला, कोणाला आधी विचारायचं, मधे किती थांबावं लागतं, हे सलग कोणी सांगितलं नव्हतं.

विमान दोन सीटचं, अॅल्युमिनियमचं, टेलव्हील म्हणजे तिसरं चाक शेपटाखाली, पुढे ११५ हॉर्सपॉवरचं ओ-२३५ इंजिन. अमेरिकेत ज्याला एक्सपेरिमेंटल अमॅच्युअर-बिल्ट म्हणतात त्यातलं, म्हणजे हौशी माणसाने स्वतः बांधलेलं. बांधणारे गृहस्थ आता उडवत नाहीत, मी त्यांच्याकडून विकत घेतलं. हे आधीच सांगतेय कारण पुढे बऱ्याच गोष्टी यावरून ठरतात.

बदल का करावासा वाटला तर, एकटीने उडवताना विमान छान वागायचं, पण शेजारी कोणी बसलं आणि मागे सामान ठेवलं की पिचमधे, म्हणजे नाक वर-खाली होण्यात, फार हलकं व्हायचं. सीजी, म्हणजे वजनाचा मध्यबिंदू, लिमिटच्या आतच असायचा, म्हणजे बेकायदेशीर काही नाही, पण स्टिक दोन बोटांनी धरावी लागायची आणि ट्रिम करून (स्टिकवरचा जोर शून्यावर आणून) हात सोडला की नाक वर, मग खाली, मग अजून वर, असं वाढत जायचं. या डिझाइनची हीच तक्रार बऱ्याच जणांची होती आणि किट बनवणाऱ्यांनी नंतर मोठ्या आडव्या स्टॅबिलायझरचं (शेपटाचा स्थिर आडवा पंख) आणि मोठ्या एलिव्हेटरचं (त्याच्यामागचा हलणारा, नाक वर-खाली करणारा भाग) अपग्रेड काढलं. मागचा पृष्ठभाग मोठा केला की विमानाचा न्यूट्रल पॉइंट (सीजी जिथपर्यंत मागे गेला की स्थिरता संपते ती जागा) मागे सरकतो, सीजी आणि न्यूट्रल पॉइंट यांच्यातलं अंतर वाढतं, आणि तेच अंतर म्हणजे पिचमधली स्थिरता. गणित एवढंच आहे. पण मोठा पृष्ठभाग म्हणजे मोठा लोड, आणि तो लोड शेवटी फ्यूजलाजच्या (विमानाच्या धडाच्या) मागच्या दोन बल्कहेडवर (आडव्या चौकटींवर) येतो, म्हणून त्या किटमधे नुसतं शेपूट नसतं, पुढच्या स्पारला (पंखाच्या आतल्या मुख्य तुळईला) डबलर म्हणजे मजबुतीचा जादा पत्रा, बल्कहेडला डबलर, नवीन अटॅच ब्रॅकेट, नवीन एलिव्हेटर हॉर्न (एलिव्हेटर हलवणारा दांडा) असं सगळं येतं. कोणी सांगितलं की मी फक्त टोकांना एकेक रिब (पंखाला आकार देणारी फासळी) वाढवली आणि झालं, तर त्याचं ऐकू नका. किटच्या डिझायनरची ड्रॉइंग्ज नसतील तर पैसे देऊन स्ट्रक्चरल इंजिनियरकडून हिशोब करून घ्या.

सप्टेंबरात ठरवलं आणि किट ऑर्डर करायच्या आधी विमानाची ऑपरेटिंग लिमिटेशन्स वाचायला काढली. एअरवर्दिनेस सर्टिफिकेटला जोडलेली ती पानं बहुतेक जण विमान घेताना एकदा बघतात आणि फोल्डरमधे ठेवून देतात. प्रत्येक विमानाची वेगळी असतात, ज्या साली सर्टिफिकेट दिलं त्या सालच्या नियमांची भाषा त्यात असते, त्यामुळे मित्राच्या विमानाचं वाचून उपयोग नाही. आमच्यात लिहिलं होतं की १४ सीएफआर (अमेरिकेचे विमान नियम) २१.९३ प्रमाणे मेजर चेंज केला तर ९१.३१९(बी) ची पूर्तता पुन्हा करायची, म्हणजे विमान ताब्यात राहतं हे टेस्ट करून दाखवायचं, टेस्ट एरिया कुठला ते एफएसडीओला म्हणजे आपल्या भागातल्या एफएएच्या (अमेरिकेच्या विमान नियामक संस्थेच्या) ऑफिसला कळवायचं, त्यांची संमती घ्यायची, आणि कमीत कमी ५ तास फेज वनमधे उडवायचं. फेज वन म्हणजे टेस्टचा टप्पा, त्यात पॅसेंजर नाही, फक्त दिवसा, फक्त व्हीएफआर म्हणजे बाहेर बघून उडता येईल अशा हवेत.

आता मेजर की मायनर? २१.९३ मधे मायनरची व्याख्या आहे: वजन, बॅलन्स, स्ट्रक्चरची ताकद, विश्वासार्हता, उडण्याची लक्षणं अशा एअरवर्दिनेसशी संबंधित गोष्टींवर लक्षात येण्याजोगा परिणाम होत नाही तो मायनर, बाकी सगळं मेजर. आडवा स्टॅबिलायझर बदलला की यातलं जवळजवळ सगळंच बदलतं, त्यामुळे वाद घालायला जागाच नाही. काही जण म्हणतात कशाला सांगताय, गुपचूप करा. माझं स्पष्ट मत आहे की असं करू नये. टेस्टचे ५ तास तुमच्याच जिवासाठी आहेत, आणि नोंद नसेल तर उद्या अपघात झाला किंवा विमान विकायचं झालं की सगळं अंगाशी येतं.

दुसरा गोंधळ फॉर्म ३३७ चा. सर्टिफाइड विमानाला मेजर आल्टरेशन केलं की तो फॉर्म भरतात, पण पार्ट ४३ (देखभाल-दुरुस्तीचे नियम) त्याच्या ४३.१(बी) मुळे आमच्यासारख्या विमानांना लागू होत नाही, म्हणून फॉर्म ३३७ नाही, आणि काम कोणी करायचं यावरही बंधन नाही. मी केलं तरी चालतं. बंधन आहे ते वार्षिक कंडिशन इन्स्पेक्शनला. आमच्या लिमिटेशन्सप्रमाणे ती सही एकतर ए अँड पी (एफएएचा परवाना असलेल्या) मेकॅनिकची लागते किंवा ज्याने विमान बांधलं आणि त्या विमानासाठी रिपेअरमन सर्टिफिकेट घेतलं त्याची. मी बांधलेलं नाही त्यामुळे ते सर्टिफिकेट मला मिळूच शकत नाही, कितीही रिव्हेट मारले तरी. म्हणून ओळखीच्या ए अँड पीला सुरुवातीलाच सामील करून घेतलं. तुम्हीही घ्या, सगळं बंद केल्यावर त्याला बोलावलं तर तो आत काय बघणार?

४ ऑक्टोबरला एफएसडीओला मेल केला. एक पान पुरतं: विमानाचा एन-नंबर (नोंदणी क्रमांक), काय बदलणार, कुणाच्या ड्रॉइंगप्रमाणे, टेस्ट एरिया कुठला हवा. जवळपास तीन आठवडे काही नाही. मग एका इन्स्पेक्टरचं उत्तर आलं, सभ्य आणि नेमकं, की टेस्ट एरियाचा नकाशा पाठवा आणि दाट वस्ती कुठे आहे ते दाखवा. ९१.३०५ मधे आहेच की टेस्ट फ्लाइट मोकळ्या पाण्यावर किंवा विरळ वस्तीवर, जिथे विमानांची वर्दळ कमी तिथे करायची. मी सेक्शनल चार्टवर एअरपोर्टभोवती २५ नॉटिकल मैलांचं वर्तुळ काढलं, त्यातून गावं आणि शेजारच्या मोठ्या एअरपोर्टचा भाग वगळला, रनवेवरून वस्ती टाळून बाहेर पडायचा मार्ग लाल रेघेने दाखवला. असा नकाशा पहिल्याच मेलला जोडलात तर तुमचे हे तीन आठवडे वाचतील. संमतीचं पत्र डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आलं. मधल्या काळात जीव टांगणीला होता, पण किट यायलाही तेवढाच वेळ लागला, त्यामुळे प्रत्यक्षात काही अडलं नाही. म्हणून म्हणते आधी मेल, मग ऑर्डर.

इन्शुरन्सलाही तेव्हाच लिहून कळवलं. फोनवर नाही, मेलवर, म्हणजे पुरावा राहतो. त्यांनी सांगितलं की लायबिलिटी (दुसऱ्याच्या नुकसानीचं कव्हर) चालू राहील पण फेज वनमधे विमान चालतं असताना त्याच्या नुकसानीचं कव्हर नसेल. म्हणजे ते ५ तास विमान गेलं तर आपलंच. हे कळल्यावर मी दोन दिवस खरंच विचार करत होते की राहू दे का हे सगळं. पण मग आठवलं की पॅसेंजर घेऊन मी ज्या विमानात बसते ते मला पूर्ण भरवशाचं वाटत नाही, आणि तिथे विषय संपला.

नोव्हेंबरात ईएएच्या (होमबिल्ट विमानवाल्यांच्या संघटनेच्या) चॅप्टरमधले टेक्निकल काउन्सेलर हँगरला येऊन गेले. ही मंडळी स्वयंसेवक असतात, पैसे घेत नाहीत, सही पण करत नाहीत, नुसतं बघतात आणि सांगतात. त्यांनी टॉर्च आणि आरसा घेऊन जुन्या पुढच्या स्पारचा मधला भाग, जिथे तो फ्यूजलाजला बोल्ट होतो, तिथलं वाकवलेल्या फ्लँजचं (पत्र्याच्या दुमडलेल्या कडेचं) रिलीफ नॉच (कोपऱ्यातली खाच) आधी बघितलं. तडे तिथून सुरू होतात, कारण नॉचचा कोपरा तीक्ष्ण राहिला की ताण तिथेच गोळा होतो. आमच्यात तडा नव्हता, पण नवीन स्पारच्या नॉचच्या कडा मी किती वेळ घासल्या ते विचारू नका. स्कॉच-ब्राइटने, मग बारीक एमरीने, भिंगातून एकही ओरखडा दिसेनासा होईपर्यंत.

पत्र हातात आल्यावरच ड्रिल उचललं. जुनं शेपूट उतरवण्याआधी सगळ्याची मापं घ्या, ही माझी सगळ्यात कळकळीची विनंती. एलिव्हेटर वर किती डिग्री, खाली किती, ट्रिम टॅब किती, स्टॅबिलायझरचा इन्सिडन्स (बसवल्याचा कोन) किती, दोन्ही टोकांपासून फ्यूजलाजच्या मधल्या एका ठरलेल्या रिव्हेटपर्यंतचं अंतर. आणि त्याच आठवड्यात विमानाचं वजन. जुन्या कागदावरचं वजन कधीचं असतं देव जाणे, आधीचं आणि नंतरचं एकाच काट्यांवर झालं तरच फरक खरा कळतो. फोटो तर काढाच, प्रत्येक शिम आणि वॉशरसकट.

नवीन भाग जोडणं तसं सोपं, जुन्या बल्कहेडमधले रिव्हेट काढताना मात्र माझ्या पोटात गोळा यायचा, कारण ते उडतं विमान आहे आणि भोक बिघडलं तर ते बल्कहेड बदलायला अर्धं फ्यूजलाज उघडावं लागेल. पद्धत अशी की डोक्याच्या बरोबर मधे सेंटर पंच, मग भोकापेक्षा एक साइज लहान ड्रिल, फक्त डोक्याच्या जाडीइतकंच खोल, मग पिन पंचने डोकं उडवायचं आणि मागे आधार देऊन दांडा हलकेच ठोकून काढायचा. ड्रिल आरपार घालायचं नाही. एक अष्टमांश इंचाच्या रिव्हेटला ३० नंबरचं भोक लागतं, ते मोठं झालं तर पुढच्या साइजचा रिव्हेट घालता येतो, पण मग कडेपासूनचं अंतर रिव्हेटच्या व्यासाच्या दुप्पट तरी उरतंय का ते मोजायला लागतं, आणि अरुंद फ्लँजवर तिथेच घोडं अडतं. आधी टाकाऊ तुकड्यावर भरपूर सराव केला, मगच विमानाला हात लावला. एफएएच्या एसी ४३.१३-१बी या मार्गदर्शक पुस्तिकेची पीडीएफ फुकट मिळते, त्यातला शीट मेटलचा भाग हँगरमधे छापून ठेवा.

नव्या स्टॅबिलायझरचं काम डिसेंबर-जानेवारीत. सगळं आधी क्लेकोंवर (तात्पुरत्या स्प्रिंगच्या पिनांवर) जोडायचं, भोकं पूर्ण साइजला न्यायची, सगळं परत सुटं करायचं, प्रत्येक भोकाची दोन्ही बाजूंची बर (ड्रिलने उठलेली धारदार कड) काढायची, इपॉक्सी प्रायमर, वाळू द्यायचं, परत क्लेको, मग रिव्हेट. दोनदा जोडायचं हे पहिल्यांदा करणाऱ्याला फुकटचं काम वाटतं, पण दोन पत्र्यांच्या मधे बर राहिली तर रिव्हेट पत्रे घट्ट ओढू शकत नाही. थंडीत प्रायमर नीट वाळत नाही, डब्यावरचं तापमान बघा आणि हँगर गरम होत नसेल तर सरळ थांबा.

रिव्हेटिंगला दोन माणसं लागतात, एक गनवर, एक आत बकिंग बार (रिव्हेटमागे टेकवायचा जड धातूचा ठोकळा) धरून. टोकाकडच्या रिबपर्यंत माझा हात पोचेना, तिथे माझा भाचा कामी आला, बारीक हात आणि अफाट चिकाटी. आम्ही दोन शब्द ठरवले होते, "बसला" म्हणजे बार टेकलाय, "थांब" म्हणजे गन लगेच सोड. बाकी काही बोलायचं नाही. पहिल्या दिवशी म्हणाला, "मावशी, हा जरा वाकलाय, चालेल का?" मी म्हटलं तूच मोज. मागचं डोकं व्यासाच्या दीडपट रुंद आणि अर्धपट उंच असायला हवं, गेज लावला की लगेच कळतं. नव्हतं चालणार, काढला. त्यानंतर तो स्वतःच गेज लावायला लागला आणि माझ्यापेक्षा कडक निघाला.

बोल्टच्या बाबतीत एवढंच सांगते की टॉर्क रेंच इंच-पाउंडमधला घ्या. एएन३ ला २० ते २५, एएन४ ला ५० ते ७०, शिवाय लॉकनट मोकळा फिरवताना जो ड्रॅग लागतो तो त्यात मिळवायचा. घट्ट केला की लगेच टॉर्क सील (बोल्ट फिरला तर तुटून दिसणारी रंगाची रेघ) लावा, नंतर लावू म्हटलं की कुठला झाला कुठला नाही कळत नाही. जिथे बोल्टवर काही फिरतं, उदाहरणार्थ एलिव्हेटर हॉर्नला पुशरॉड, तिथे कॅसल नट आणि कॉटर पिन, नुसता नायलॉनवाला नट नाही. आणि रॉड एंडच्या बाहेरच्या बाजूला मोठा वॉशर, म्हणजे बेअरिंग सुटलं तरी रॉड निसटत नाही.

फेब्रुवारीत रंग आणि मग बॅलन्सिंग, याच क्रमाने. रंगाचा बराचसा भाग हिंजच्या मागे बसतो आणि तेवढाच एलिव्हेटर मागे जड होतो. हिंजच्या मागे जड कंट्रोल सरफेस म्हणजे फ्लटरला, वेगात आपोआप वाढत जाणाऱ्या थरथरीला, आमंत्रण, आणि फ्लटरमधे शेपूट तुटायला सेकंद पुरतात. एलिव्हेटर विमानावरून काढून, हिंज लाइनवर कमीत कमी घर्षणाच्या आधारावर ठेवून, ट्रिम टॅब आणि त्याच्या रॉडसकट बॅलन्स केला. किटमधलं शिसं मुद्दाम जास्त दिलेलं असतं, थोडं थोडं कापत आणायचं. रंग पातळ मारायला सांगा, आणि पुढे कधी टचअप केलं तरी पुन्हा तपासा.

मार्चमधे वजन. टाकीत फक्त वापरता न येणारं पेट्रोल, ऑइल पूर्ण, शेपूट उचलून विमान लेव्हल, हँगरची दारं बंद, कारण वाऱ्याची झुळूकसुद्धा काट्यावर दिसते. रिकामं वजन आधी ४८० किलो होतं, शेपटात भर पडली १.४ किलोची. ऐकायला काहीच नाही, पण ती सीजीच्या ३.९ मीटर मागे आहे, त्यामुळे रिकाम्या विमानाचा सीजी ११ मिलिमीटर मागे गेला. न्यूट्रल पॉइंट त्याहून बराच जास्त मागे गेलाय म्हणून फायदा शिल्लक राहतो, पण नवीन वेट अँड बॅलन्स शीट केल्याशिवाय उडायचं नाही. बॅगेज किती चालेल हा आकडा आमचा बदलला.

कंडिशन इन्स्पेक्शन तेव्हाच करून घेतलं, तसंही देय होतं आणि सगळी कव्हरं उघडीच होती, दोनदा उघडायचं वाचलं. एकूण खर्च किट, जादा पत्रा, रिव्हेट, प्रायमर, उसने न मिळालेले टूल्स धरून तीन हजार डॉलरच्या थोडा आत, रंग आणि मेकॅनिकची फी वेगळी. रिव्हेट गन आणि बकिंग बार चॅप्टरमधून उसने मिळतात, विकत घेऊ नका.

एप्रिलमधे फ्लाइट. एफएएची एसी ९०-८९ ही टेस्ट फ्लाइटची पुस्तिका आहे, तिच्यावरून कार्डं बनवली, एका कार्डावर एकच काम. ईएएच्या फ्लाइट अॅडव्हायझरबरोबर बसून एकेक वाचलं. त्यांनी मला सरळ विचारलं की तुम्हीच उडवणार का, कोणी जास्त अनुभवी नको का, आणि हा प्रश्न प्रत्येकाने प्रामाणिकपणे स्वतःला विचारावा. माझे या विमानावरचे तास बरेच होते आणि चालू होते, म्हणून मी उडवलं.

पहिला टेकऑफ सकाळी लवकर, वारा नाही, सीजी पुढे. टॅक्सी करताना शेपूट उचलून पाहिलं होतं, तेव्हाच स्टिक जड लागली होती. वर गेल्यावर पहिली दहा मिनिटं मी काहीच केलं नाही, एअरपोर्टच्या डोक्यावर फेऱ्या मारत राहिले आणि हाताला काय जाणवतंय ते बघत राहिले. मग स्टॉल (वेग कमी पडून पंखाची उचल जाणं), उंचीवर, फ्लॅपसकट आणि फ्लॅपशिवाय. मग लँडिंग, आणि हे महत्त्वाचं: सीजी पुढे असताना फ्लेअरला (टेकण्याआधी नाक उचलायला) एलिव्हेटर पुरतोय का हे पहिल्याच फ्लाइटला उंचीवर, लँडिंगच्या वेगाला तपासून घ्या, जमिनीजवळ पहिल्यांदा कळायला नको.

पुढच्या फ्लाइट्सना सीटमागच्या जागेत वाळूच्या पिशव्या घट्ट बांधून सीजी टप्प्याटप्प्याने मागे नेला. प्रत्येक टप्प्यावर ट्रिम करून, स्टिक ओढून वेग १० नॉटने कमी करायचा, हात सोडायचा आणि बघत बसायचं. जुन्या शेपटावर मागच्या सीजीला झोके वाढत जायचे. आता वर, खाली, परत वर, प्रत्येक वेळी कमी, आणि थोड्या वेळात पुन्हा ट्रिमच्या वेगावर. मागच्या लिमिटवर हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी मोठ्याने "वा!" म्हणाले, एकटीच होते, तरी.

वेगाची टेस्ट सगळ्यात शेवटी. पॅराशूट घालून, भरपूर उंचीवर, एकदम स्थिर हवेत, ५-५ नॉटने वाढवत, प्रत्येक वेगाला स्टिकला छोटी टिचकी आणि थरथर लगेच मरतेय का ते बघायचं. आमच्या विमानाची व्हीएनई (कधीही ओलांडायचा नाही तो वेग) ट्रू एअरस्पीडमधे (हवेतल्या खऱ्या वेगात) दिलीय, आणि ८००० फुटांवर ट्रू एअरस्पीड दाखवलेल्या वेगापेक्षा साधारण १२-१३ टक्के जास्त असतो, म्हणून कार्डावर त्या उंचीचा दाखवला जाणारा आकडाच आधी काढून लिहिला होता. एका फ्लाइटमधे सगळं संपवायचा अट्टाहास करू नका. मी दोन वेळा हवा हलायला लागली म्हणून मधेच परत आले.

५ तास हे किमान आहेत. माझे कार्डावरचे सगळे मुद्दे त्यात बसले नाहीत, म्हणून मी आणखी उडवलं आणि मगच लॉगबुकात लिहिलं. त्या नोंदीचा मजकूर ऑपरेटिंग लिमिटेशन्समधेच शब्दशः दिलेला असतो, की टेस्टचे तास पूर्ण झाले, विमान सगळ्या वेगांत आणि ठरलेल्या सगळ्या मनुव्हरमधे ताब्यात राहतं, धोकादायक लक्षण नाही. तो जसाच्या तसा लिहायचा, आपल्या शब्दांत नाही. सोबत ड्रॉइंगचा नंबर, नवीन वजन, सीजी, टेस्टमधे मिळालेले स्टॉलचे वेग. इन्शुरन्सला नोंदीची प्रत पाठवली, कव्हर पूर्ववत झाल्याचं त्यांचं उत्तर आठवड्यात आलं.

आता पहिल्या १० तासांनंतर शेपटाची फेअरिंग काढून सगळे टॉर्क सील बघितले, रिव्हेटच्या डोक्याभोवती काळपट रेघ येतेय का ते पाहिलं, कारण सैल रिव्हेट घासला की तशी रेघ येते. काही नव्हतं. पुढची तपासणी २५ तासांना, तोपर्यंत मागे सामान आणि शेजारी पॅसेंजर दोन्ही घेऊन उडतेय, आणि भाच्याची पहिली फेरी परवाच झाली.